रिक्वेस्ट आल्यावर काय होते: वेबसाठी भाषा निवडण्याचा एक निकष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हाला पायथनची बऱ्यापैकी ओळख आहे, जावास्क्रिप्ट जेमतेम वाचता येते, आणि तुम्हा दोघांना मिळून एका संस्थेसाठी सभासदांची नोंदणी, वर्गणीचा ऑनलाइन भरणा आणि महिन्याचे अहवाल अशी प्रणाली उभी करायची आहे. वाचनात मात्र ‘पीएचपी संपली’, ‘नोड सर्वांत वेगवान’ (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा), ‘पुढचा काळ गोचा’ अशी एकमेकांना छेद देणारी विधाने आल्यामुळे कोणती भाषा घ्यावी हे ठरत नाही. वीसेक वर्षे मी सर्व्हरकडचे प्रोग्रॅम लिहितो आहे आणि त्यातला मोठा काळ इतरांनी लिहिलेले दुरुस्त करण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की भाषांची तुलना वाक्यरचनेच्या देखणेपणावरून किंवा वेगाच्या तक्त्यांवरून केली, तर निर्णय बहुधा फसतो. त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात: ब्राउझरकडून रिक्वेस्ट, म्हणजे पानाची मागणी, आल्यावर त्या भाषेतला प्रोग्रॅम नेमका कसा चालतो, आणि आपण केलेली चूक आपल्याला केव्हा कळते. उरलेले निकष यांच्या मागून येतात.

ब्राउझरची बाजू आधीच वेगळी काढतो, कारण तिथे निवडीला फारसा वाव नाही. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केला, आणि त्या घाईच्या काही खुणा आजही भाषेत आहेत. ‘नल’ या रिकामेपणा दाखवणाऱ्या मूल्याचा प्रकार विचारला तर उत्तर ‘ऑब्जेक्ट’ असे मिळते. ही चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सुधारली तर तिच्यावर विसंबून असलेली जुनी पाने मोडतील, म्हणून ती तशीच ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेल्या टाइपस्क्रिप्ट या भाषेचेही शेवटी जावास्क्रिप्टमध्येच रूपांतर होते. वेबअसेंब्ली (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवण्याची सोय) २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत चालते, पण पानावरील घटकांना हात लावायचा तर तिला अजूनही जावास्क्रिप्टमधूनच जावे लागते. चित्रसंपादन, खेळ, जड आकडेमोड अशा कामांत ती शोभते, नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाही. तेव्हा जावास्क्रिप्ट तुम्हाला थोडीफार शिकावीच लागेल, आणि खरा प्रश्न उरतो तो सर्व्हरचा.

सर्व्हरवर पीएचपीची रीत सर्वांत साधी आहे, आणि मला वाटते तिचे यश भाषेच्या गुणांपेक्षा या रीतीमुळेच आले. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते: प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून चालतो, पान पाठवतो, आणि त्याने निर्माण केलेली सगळी चलने पुसली जातात. यामुळे एका सभासदाची माहिती चुकून दुसऱ्याच्या रिक्वेस्टमध्ये डोकावत नाही, मेमरीची गळती (वापरून न सोडलेली मेमरी साचत जाणे) असली तरी ती रिक्वेस्टबरोबरच संपते, आणि एका रिक्वेस्टमधला बिघाड दुसरीला सहसा लागत नाही. उलट बाजू अशी, की संपूर्ण फ्रेमवर्कची (नेहमीची कामे आयती पुरवणाऱ्या तयार सांगाड्याची) जुळवाजुळव प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते, आणि चॅटसारखी तासन्‌तास उघडी राहणारी जोडणी या साच्यात नीट बसत नाही. यांपैकी पहिली अडचण संकलित (चालवण्याजोग्या रूपात आधीच बदललेला) कोड मेमरीत राखून ठेवणाऱ्या ऑपकॅशने बरीच हलकी केली. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने तर अनेक प्रणालींचा वेग कोडला फारसा हात न लावता दुपटीच्या घरात नेला. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत आहे, वर्डप्रेसही पीएचपीत आहे; तेव्हा ‘संपली’ हे विधान सोडून द्या. संपले आहे ते जुने पीएचपी. एखाद्या पाठात ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ हे फंक्शन वापरलेले दिसले, तर तो पाठ तिथेच बंद करावा, कारण ते फंक्शन पीएचपी ७ मधून काढून टाकले आहे आणि अशा पाठांत वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, चिकटवायला शिकवलेले असते, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला (भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला घातक आज्ञा देण्याला) दार उघडे ठेवायला शिकवलेले असते.

नोडची रीत याच्या अगदी उलट आहे. रायन डाल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या रचनेत एकच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सतत जिवंत असते आणि तुमचा जावास्क्रिप्टचा कोड एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर), इव्हेंट लूपमध्ये चालतो. डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहत कोणी थांबत नाही; लूप पुढच्या रिक्वेस्टकडे वळतो आणि उत्तर आल्यावर मागचे काम पुन्हा हाती घेतो. ज्या कामात वाट पाहणे फार आणि आकडेमोड थोडी, तिथे हजारो जोडण्या एका साध्या सर्व्हरवर सहज पेलतात. ‘नोड वेगवान’ हे म्हणणे इथून आले आणि एवढ्यापुरते ते खरे आहे. मात्र त्या एकमेव थ्रेडला कोणी जड काम दिले की सगळेच थांबतात. मी दुरुस्तीला घेतलेल्या एका प्रणालीत महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी लॉगिनचे पानसुद्धा उघडत नसे आणि दुपारी सारे आपोआप सुरळीत होई. संशय नेटवर्कवर घेतला जात होता. प्रत्यक्षात हिशेब विभागातले कोणीतरी मासिक अहवालाचे बटण दाबत होते, आणि काही लाख ओळींची एक्सेल फाइल त्याच थ्रेडवर तयार होत असेपर्यंत बाकीच्या सर्व रिक्वेस्ट रांगेत उभ्या राहत होत्या. उपाय होता (अहवाल वेगळ्या वर्कर प्रोसेसकडे दिला), पण असा उपाय लागेल हे भाषा निवडतानाच माहीत असायला हवे होते. तुमच्याही यादीत मासिक अहवाल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पायथन आणि रूबी मधल्या वाटेने जातात. सर्व्हरवर प्रोग्रॅमच्या अनेक वर्कर प्रोसेस चालवल्या जातात आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक वर्कर एका वेळी एक रिक्वेस्ट हाताळतो. अहवाल रेंगाळला तर एक वर्कर अडकतो, बाकीचे चालू राहतात. पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीत एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, ही एका अंतर्गत कुलपामुळे येणारी जी मर्यादा वारंवार सांगितली जाते, तिचा वेबच्या कामात वाटतो तेवढा जाच होत नाही, कारण थ्रेड डेटाबेसची वाट पाहत असताना ते कुलूप सोडले जाते आणि प्रोसेस तर अनेक असतातच. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून हे कुलूप नसलेली पर्यायी, प्रायोगिक बांधणीही मिळू लागली. किंमत मोजावी लागते ती मेमरीत: दहा वर्कर म्हणजे जवळपास दहा प्रती.

जावा आणि सी शार्प एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवतात. जावाच्या जुन्या पद्धतीच्या थ्रेडसाठी सर्वसाधारणपणे १ एमबीचा स्टॅक (थ्रेडच्या कामापुरती मेमरी) राखला जातो, त्यामुळे लाखभर जोडण्यांना लाखभर थ्रेड देणे परवडत नसे. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये आलेल्या हलक्या, आभासी थ्रेडांनी ती अडचण बरीचशी दूर केली. गो या भाषेत ही सोय सुरुवातीपासून आहे. तिचा गोरूटीन, म्हणजे तिथला हलका थ्रेड, २ केबीच्या स्टॅकने सुरू होतो, त्यामुळे प्रत्येक जोडणीला एक गोरूटीन द्यावा आणि कोड सरळ वरून खाली वाचता येईल असा लिहावा, ही पद्धत तिथे सहज जमते. एरिक्सनने टेलिफोन एक्सचेंजसाठी घडवलेली एर्लांग, आणि तिच्याच यंत्रणेवर चालणारी एलिक्सर, यांच्यात एकमेकांपासून पूर्ण अलग असलेल्या लाखो चिमुकल्या प्रोसेस चालतात आणि एक कोसळली तर तिची देखरेख करणारी प्रोसेस तिला पुन्हा उभी करते. व्हॉट्सअॅपने २०१२ मध्ये एका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या सांभाळून दाखवल्या त्या एर्लांगच्या बळावर. तुमचे काम चॅटचे असते, तर मी या परिच्छेदावर जास्त वेळ घालवला असता.

आता वेगाचे पाहू. समजा एखादे पान तयार व्हायला २०० मिलिसेकंद लागतात आणि त्यांतले १७० डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात. उरलेल्या ३० मिलिसेकंदांचे काम दहापट वेगवान भाषेत लिहिले, तर २०० चे १७३ होतील. वापरकर्त्याला फरक जाणवणारही नाही. एकदा मला एक संघ सांगत आला की रूबी फारच मंद असल्याने सगळी प्रणाली गोमध्ये नव्याने लिहायचे ठरले आहे, तुम्ही फक्त आराखडा तपासा. मी आराखड्याआधी डेटाबेसची नोंदवही पाहिली, तर ५० ओळींची यादी दाखवण्यासाठी १०१ क्वेरी जात होत्या: एक यादीसाठी, आणि प्रत्येक ओळीसाठी आणखी दोन. संबंधित तक्त्यांतली माहिती आधीच एकत्र मागवल्यावर क्वेरी ३ झाल्या आणि नव्या लेखनाचा बेत बारगळला. गोमध्ये लिहूनही त्या १०१ क्वेरी १०१ च राहिल्या असत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. भाषेचा वेग खरोखर निर्णायक ठरतो अशा जागाही आहेत, आणि ट्विटरने रूबीतले महत्त्वाचे भाग जावाच्या यंत्रणेवर हलवले ते उगीच नव्हे. पण त्यांच्यावर जो भार होता तो तुमच्या सभासदांकडून येणार नाही. शिवाय गिटहब आणि शॉपिफाय यांचा मुख्य डोलारा रूबी ऑन रेल्सवरच उभा राहिला, हेही त्याच वेळी लक्षात घ्यावे.

चूक केव्हा कळते, हा दुसरा निकष माझ्या मते वेगापेक्षा कितीतरी वजनदार आहे. गो, जावा किंवा सी शार्पमध्ये एखाद्या फील्डचे नाव चुकवले तर कंपायलर, म्हणजे कोडचे संकलन करणारा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे अडवतो. पायथनमध्ये किंवा साध्या जावास्क्रिप्टमध्ये ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत चूक दडून राहते, आणि परताव्याची ओळ वर्षातून दोनदाच चालत असेल तर ती चूक सहा महिन्यांनी उगवते. पायथनमध्ये २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून टाइपच्या (माहितीच्या प्रकाराच्या) खुणा लिहिण्याची प्रमाणित सोय आहे, पण प्रोग्रॅम चालताना त्या तपासल्या जात नाहीत. तपासणारे साधन वेगळे चालवावे लागते. टाइपस्क्रिप्टबद्दल नवशिक्यांचा एक गैरसमज हमखास आढळतो: टाइप लिहिला म्हणजे माहिती तशीच येईल, असे त्यांना वाटते. टाइपस्क्रिप्टचे टाइप रूपांतराच्या वेळी पुसले जातात, त्यामुळे फॉर्ममधून किंवा दुसऱ्या सेवेकडून आलेली माहिती सर्व्हरवर वेगळी तपासल्याशिवाय विश्वासाने वापरता येत नाही. रस्ट या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे, मेमरीच्या मालकीचे नियमही ती संकलनाच्या वेळीच तपासते; पण नोंदणीच्या फॉर्मसाठी एवढा काटेकोरपणा शिकण्यात तुमचे कित्येक महिने जातील, आणि तो वेळ मला वाया गेलेला वाटेल.

काही चुका कंपायलरलाही दिसत नाहीत, आणि तुमच्या कामात त्यांतल्या दोन नक्की भेटतील. पहिली पैशांची. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टच्या कन्सोलमध्ये केली तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते, आणि पायथनही तेच छापतो, कारण दोन्ही भाषा द्विमान पद्धतीची तरंगती संख्या वापरतात, जिच्यात असे दशांश अपूर्णांक अचूक मावत नाहीत. वर्गणीच्या रकमा अशा संख्येत कधीही साठवू नयेत. पायथनमध्ये डेसिमल, जावात बिगडेसिमल, सी शार्पमध्ये तर भाषेतच डेसिमल प्रकार आहे. जावास्क्रिप्टमध्ये असा अंगभूत प्रकार नाही, म्हणून तिथे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून ठेवतात. पूर्णांकांनाही तिथे मर्यादा आहे: नेहमीच्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक बिनचूक मावतीलच असे नाही. एका ठिकाणी पावतीचे लांबलचक क्रमांक डेटाबेसमध्ये बरोबर आणि पडद्यावर शेवटच्या अंकांत चुकलेले दिसत होते. दोन दिवस शोधल्यावर कळले की सर्व्हरने पाठवलेली संख्या ब्राउझर वाचतानाच जवळच्या मावणाऱ्या संख्येत बदलत होता. क्रमांक मजकूर म्हणून पाठवायला लागल्यावर तक्रार थांबली.

दुसरी चूक देवनागरीची. ‘नमस्ते’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. त्याची लांबी गोमधले ‘लेन’ आणि पीएचपीतले ‘स्ट्रलेन’ १८ सांगतात, कारण ते यूटीएफ-८ (मजकूर साठवण्याची प्रचलित पद्धत) मधले बाइट मोजतात. पायथन आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात, कारण व्यंजन, हलन्त आणि मात्रा यांना ते वेगवेगळे मोजतात. कार्डावर छापण्यासाठी नाव ठरावीक लांबीवर कापायचे ठरवले आणि यांपैकी कोणत्याही मोजणीवर आंधळेपणाने विसंबलात, तर जोडाक्षर मधोमध तुटेल किंवा मात्रा गळून पडेल. बाइटांवर कापलेत तर शेवटी चौकोनी खूणही उमटू शकते. एलिक्सर मात्र वाचकाला दिसणाऱ्या अक्षराच्या जवळपास जाणारी मोजणी आपणहून करते, आणि हा मला तिचा फार आवडलेला गुण आहे, जरी केवळ तेवढ्यासाठी कोणी भाषा निवडू नये.

तयार साहित्याचा मुद्दा उरतो, आणि तुमच्यासारख्या दोघांच्या संघात तो वेगापेक्षा आधी यायला हवा. जँगो हे पायथनचे फ्रेमवर्क कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहराच्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातम्यांचे काम तातडीचे आणि माहिती भरणारे लोक प्रोग्रॅमर नव्हेत, अशा जागी ते जन्मल्यामुळे माहिती भरण्याची, शोधण्याची, दुरुस्त करण्याची व्यवस्थापकीय पाने त्यात आयती मिळतात. लॉगिन, परवानग्या, फॉर्मची तपासणी, डेटाबेसच्या रचनेत टप्प्याटप्प्याने बदल करण्याची सोय हेही सोबत येते. रूबीचे रेल्स आणि पीएचपीचे लाराव्हेल याच पठडीतले आहेत. नोडच्या दुनियेत मात्र लहान लहान पॅकेजे (इतरांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे) स्वतः निवडून जोडण्याची रूढी आहे. ती लवचीक खरी, पण प्रत्येक निवड तुमची आणि तिची देखभालही तुमचीच. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली, त्यातल्या बहुतेकांना ते पॅकेज आपण वापरतो हेच माहीत नव्हते. ‘दोन्ही बाजूंना एकच भाषा’ हा नोडचा जो फायदा सांगतात तो खोटा नाही. पण सर्व्हरवरचे अवघड भाग म्हणजे व्यवहारांची अखंडता, परवानग्या आणि सुरक्षा, आणि ते भाषा एक असल्याने सोपे होत नाहीत.

टिकाऊपणातही भाषांचे स्वभाव वेगळे आहेत. पायथन ३ हे २००८ मध्ये आले आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा-बारा वर्षे जुन्या प्रणाली हलवण्यात कित्येकांची शक्ती गेली. गोने मात्र २०१२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती देतानाच जुना कोड पुढेही संकलित होत राहील असे वचन दिले आणि ते बहुतांशी पाळले आहे.

हे सगळे तुमच्या कामाला लावून पाहिले, तर मी पायथन, जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांचे नाव घेईन. पाने सर्व्हरवरच टेम्प्लेटमधून (तयार साच्यातून) तयार करावीत, जावास्क्रिप्ट फॉर्मच्या सोयीपुरतीच ठेवावी, आणि पडद्याची सगळी बाजू स्वतंत्र फ्रेमवर्कमध्ये लिहिण्याचा मोह पहिल्या वर्षी तरी आवरावा, कारण त्याने दोन माणसांच्या अंगावर दोन प्रणाली येतात. अहवाल पार्श्वभूमीवर चालणाऱ्या वर्करकडे द्यावेत. तुमच्या जोडीदाराचा हात पीएचपीवर बसलेला असेल किंवा संस्थेकडे फक्त स्वस्तातले शेअर्ड होस्टिंग (अनेकांनी वाटून घेतलेला सर्व्हर) असेल, तर बिनदिक्कत लाराव्हेल घ्यावे. माझ्या मते ती दुय्यम निवड नाही. अनेक संघ मिळून वर्षानुवर्षे एकच मोठी प्रणाली वाढवणार असतील तर जावा किंवा सी शार्प, आणि एखादी आटोपशीर, सतत चालणारी नेटवर्क सेवा हवी असेल तर गो, असे मी सुचवले असते. पण तुमचे काम त्यांपैकी नाही.

निर्णय पक्का करण्याआधी एक आठवडा प्रयोगासाठी ठेवावा. लॉगिन, नोंदणीचा एक फॉर्म, एक भरणा आणि एक अहवाल एवढीच चिंचोळी पट्टी पूर्ण करून ती खऱ्या सर्व्हरवर चढवावी, आणि डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून प्रणाली तिथे उभी राहते का तेही पाहावे. भरण्याची चाचणी घेताना पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) येणारा ‘रक्कम जमा झाली’ हा संदेश मुद्दाम दोनदा पाठवून बघावा, कारण प्रत्यक्षातही तो अधूनमधून दोनदा येतोच. दोन पावत्या तयार झाल्या, तर दोष पायथनचाही नाही आणि पीएचपीचाही नाही. गेटवेने दिलेल्या व्यवहार-क्रमांकाच्या रकान्यावर डेटाबेसमध्ये युनिकचे (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवू न देणारे) बंधन घालायचे राहिले आहे, ते आधी घालावे.